यंदाचे बिबडे

वन्सं, पार्सल पोचलं का उधन्याला?
डबा अर्धाच आहे, ठाऊक आहे मला.
ज्वारी दोन पायलीच घेतली होती, दरवर्षीसारखी,
तीन दिवस भिजवली, रोज पाणी बदललं,
पहाटे चारला घाटा शिजवला,
लसूण, जिरं, तीळ, मिरची,
सगळं तुमच्या आईंनी शिकवलं तसंच.
तेव्हा माझ्या हाताला दोष देऊ नका.
दोष असलाच तर तो
तुमच्या भावाच्या पाठीचा आहे.

सांगते.

टाकीचा फ्लोट बिघडला होता.
प्लंबर दोनशे म्हणाला.
"डेपोमा एकतीस वरीस इंजिनं उघाडात,
आन हाऊ चेंडू मनं ऐकाव नही?"
असं म्हणून चढले स्लॅबवर, साडेदहाच्या सुमारास.
डोक्याला ओलं उपरणं, लेंग्याच्या खिशात पाना,
अंगात जाळीची बनियन.
रिटायर झाल्यापासून शर्ट फक्त बँकेत जाताना.

आता शिडीचं म्हणाल, तर
अंगणात खाट एकच, ती लगेच भरली.
शिडी भिंतीला नुसती उभी.
नुसत्या उभ्या वस्तूकडे बाईनं किती वेळ बघत राहायचं?
दोन ड्रमांवर आडवी टाकली,
वर जुनी नायलॉनची साडी ताणली आणि थापत सुटले.
खाटेवरचे आणि शिडीवरचे धरून एकशे चाळीस.
मोजले होते, म्हणून तर दुखतं.

माणूस वर आहे, हे माहीत होतं हो.
शिडी खाली आहे, हेही माहीत होतं.
दोन्ही गोष्टी एका वेळी डोक्यात आल्या नाहीत, इतकंच.

हात धुतले, कूलरपुढे बसले.
आमचा कूलर तुम्ही ऐकलाय.
शेजारून मालगाडी गेली तरी तिला कमीपणा यावा.
डोळा लागला.

बाहेर पंचेचाळीस डिग्री.
नंतर कळलं, आधी त्यांनी मला हाक मारली,
मग हिलालअण्णांना,
मग अण्णांच्या शेळीला.
शेळीनं तेवढं वर पाहिलं.
एक चप्पल फेकली, ती तुळशीत पडली.
दुसरी फेकल्यावर पाय भाजायला लागले,
तेव्हा शेवगा आठवला.

वन्सं, तुम्ही अमळनेरातच वाढलात.
शेवग्यावर कुणी चढतं का?
पोरंसुद्धा शेंगा आकडीनं ओढतात.
पण यांनी एकतीस वर्षं इंजिनं उघडलेली,
झाड कधी उघडलं नव्हतं.

कडाड झालं, ते मात्र कूलरातूनही ऐकू आलं.

धावले. फांदी, पाला, शेंगा,
आणि मधोमध, खाटेच्या झोळीत, उताणे तुमचे भाऊ,
आभाळाकडे बघत.
खोटं नाही सांगत,
माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "बिबडे!"
ते पडल्या पडल्या म्हणाले,
"मी पडनू, मी!"

हाड एकही मोडलं नाही.
डॉक्टर म्हणाले, खाली काहीतरी मऊ होतं.
मऊ होतं तर! पहाटे चारपासून मऊ करत होते मी.

संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.
ओट्यावर पाठ करून बसले आणि मी
उलथन्यानं ज्वारी खरवडली, नखानं तीळ वेचले.
मानेजवळ एक तीळ निघेना.
बराच वेळ खुडत होते.
"तो मना शे," म्हणाले, "जलमपासून."
बेचाळीस वर्षांत मला दिसला नव्हता.

शिडीवरचे सगळे वाचले.
शिडी तिथे होती म्हणून वाचले,
पण हे मी त्यांना अजून बोललेली नाही,
तुम्हीही बोलू नका.
आणि रात्री टाकी भरून वाहिली, तेही.

खाटेवरचेही थोडे घातलेत डब्यात,
अन्न फेकवत नाही हो.
तळताना एखाद्यावर बनियनची जाळी उमटलेली दिसली
तर जावयांना सांगा, नवीन साचा आहे.
चवीला ठीक आहेत.
पहिला त्यांनाच तळून दिला होता.